देवळालीचे मास्तर आणि सतरा अंकी संख्या

नऊ वेळा १ लिहून तयार झालेल्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, तिनेच गुणले की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. अंक एकापासून नवापर्यंत चढत जातात आणि तसेच पायरीपायरीने उतरतात. या सतरा अंकांची बेरीज होते ८१, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांच्या ध्यासात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्य घालवले.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे आकडेमोड घरचीच. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

१९३० साली साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. त्याच वर्षी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

वर्ग संपला की त्यांचे संशोधन सुरू होई. सुरुवातीला दिलेली सतरा अंकी संख्या ज्या कुळातली, त्याला त्यांनी ‘डेम्लो’ हे रेल्वे स्थानकाचे नाव दिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ते ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हणत. ती सतरा अंकी संख्या हर्षदही आहे.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे गुपित मांडले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करत राहा. कापरेकरांच्या निवृत्तीचे वर्षच घेऊ : ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२, पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यानंतर कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते.

देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटले. कापरेकर मात्र पदरच्या पैशाने परिषदांना जात आणि पुस्तिका छापत. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तिथे पोहोचायला सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. पाचवीतल्या मुलालाही वहीच्या एका पानावर हे करून पाहता येते.