धन आणि ऋण लिहिणारा छापखानेवाला

विजेच्या दोन भारांना मराठीत धन आणि ऋण म्हणतात. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. या नावांमागे अमेरिकेतल्या एका छापखानेवाल्याचा हिशेब आहे. त्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म १७०६ साली बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या व साबण करीत. दहाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे ते थोरल्या भावाच्या छापखान्यात काम शिकू लागले. पण भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेले. तेथे स्वतःचा छापखाना चालवून १७४८ साली ते धंद्यातून मोकळे झाले.

विजेचा नाद त्याआधीच लागला होता. १७४७ साली त्यांनी एक प्रयोग लिहून कळवला. दोन माणसे मेणावर उभी राहिली, म्हणजे वीज जमिनीत जाऊ नये. एकाने काचेची नळी घासली, दुसऱ्याने तिच्याजवळ बोट नेऊन वीज घेतली. जमिनीवरच्या तिसऱ्याने दोघांपैकी कोणाहीकडे बोट नेले की ठिणगी उडे. पण त्या दोघांनी एकमेकांकडे बोटे नेली, तर ठिणगी अधिक जोराची उडे आणि मग दोघांतही वीज उरत नसे. फ्रँकलिन म्हणाले, वीज नवी झालीच नाही. एकाची गेली ती दुसऱ्याला मिळाली. जेवढे धन तेवढेच ऋण! तिसरा शून्यावर, म्हणून त्याच्याशी फरक कमी. या फरकालाच आज विभवांतर म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजतात.

पतंगाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तिला येथे जागा देत नाही. आम्हाला त्यांचे न जुळलेले हिशेब अधिक मोलाचे वाटतात. विजेची उणीव असलेल्या दोन वस्तू एकमेकींना दूर का ढकलतात, हे त्यांना उलगडेना. विजेने भारलेल्या चांदीच्या भांड्यात त्यांनी रेशमी दोऱ्याने बुचाची गोळी सोडली. बाहेरून ओढली जाणारी गोळी आत ओढली जाईना. कारण माहीत नाही, असे त्यांनी १७५५ साली सरळ लिहून टाकले. हीच गोष्ट त्यांच्याकडून कळल्यावर इंग्लंडच्या प्रीस्टली यांनी १७६७ साली अनुमान केले, की अंतर दुप्पट झाले तर विजेचे बल चौथाई होते. फ्रान्समध्ये कूलाँ यांनी ते १७८५ साली मोजून दाखवले.

फ्रँकलिन १७९० साली फिलाडेल्फियात वारले. पुढे १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडला, तेव्हा कळले की घासलेली काच इलेक्ट्रॉन मिळवीत नाही, गमावते. जमेची बाजू खर्चाची निघाली. नावे मात्र तशीच राहिली.