शब्द वेचणारा धर्मगुरू : मोन्सिन्योर रोदोल्फ दालगादो

रविवारची मिस्सा आटोपून आपण घरी निघतो. वाटेत पाव घेतो. घरी येऊन चावीने दार उघडतो, साबणाने हात धुतो आणि न्याहरीला बसतो. या तीन वाक्यांत मिस्सा, पाव, चावी आणि साबण असे चार पोर्तुगीज शब्द येऊन गेले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. क्रूस, पाद्री आणि नाताळ हेही त्याच वाटेने आपल्याकडे आले. बटाटा, कोबी, काजू, बादली, पगार, लिलाव हे शब्द तर साऱ्या महाराष्ट्राने आपलेसे केले आहेत.

हे शब्द कोठून आले, कोणत्या भाषेत कसे बदलले, याचा शोध एका धर्मगुरूने आयुष्यभर घेतला. जे आपल्याला क्षुल्लक वाटते ते त्यांनी मोलाचे मानले. त्यांचे नाव मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फ दालगादो. गोव्यात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या भागात मात्र ते फारसे कानावर पडत नाही. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

दालगादो यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या आसगाव येथे झाला. त्यांचे बंधू डॉ. दानियेल जेलाझियो दालगादो यांनी गोवा आणि सावंतवाडी परिसरातल्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध केला. एका भावाने रानातली झाडे मोजली, दुसऱ्याने माणसांच्या तोंडचे शब्द मोजले, असे म्हटले तरी चालेल.

रोदोल्फ यांनी राशोलच्या सेमिनरीत धर्मशिक्षण घेतले आणि १८८१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील अभ्यासासाठी ते रोमला गेले. तेथे धर्मसभेचा कायदा आणि रोमन कायदा या दोन्ही विषयांत डॉक्टर होऊन ते परतले. एवढे शिकलेला तरुण धर्मगुरू एखाद्या मोठ्या शहरात मानाच्या जागी बसला असता. दालगादो यांच्या वाट्याला मात्र प्रवास आला. पोर्तुगालच्या पाद्रुआदोखालील मिशनमध्ये त्यांनी सावंतवाडी, होनावर, सिलोन आणि बंगाल अशा दूरदूरच्या ठिकाणी सेवा केली. सिलोन व बंगाल येथे ते विकार जनरल होते.

जेथे जात तेथली भाषा ते शिकत. लोकांची भाषा आल्याखेरीज त्यांचे पापनिवेदन कसे ऐकणार आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला धीर कसा देणार? संस्कृत, मराठी, कानडी, बंगाली, सिंहली अशा अनेक भाषांशी त्यांचा परिचय झाला. सेवेसाठी शिकलेल्या या भाषा पुढे त्यांच्या संशोधनाचा पाया ठरल्या.

पण त्यांचे मन गुंतले होते ते मायबोली कोंकणीत. कोंकणीची त्या वेळची अवस्था समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासारख्या येशूसंघीय धर्मगुरूंनी येथल्या भाषांचा मोठ्या प्रेमाने अभ्यास केला होता. १६१६ साली छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या भाषेत लिहिलेले पहिले मोठे ख्रिस्ती पुस्तक निघून पुरती सत्तर वर्षेही झाली नव्हती, हे आपण लक्षात ठेवायला हवे. ही चूक धर्माची नव्हती, सत्तेची होती. पण तिला धर्माच्या काही माणसांचाही पाठिंबा होता, हे कबूल करायला आपण संकोचू नये.

हुकुमाने भाषा मेली नाही. शेतात, मासळीबाजारात, चुलीपाशी आणि घरच्या प्रार्थनेत ती बोलली जातच राहिली. पण हुकुमापेक्षा खोल जखम दुसरीच झाली. मोठ्या घरांतली माणसे दिवाणखान्यात पोर्तुगीज बोलत आणि नोकराचाकरांशी कोंकणी. आपली बोली म्हणजे गरिबांची, अडाण्यांची बोली, अशी समजूत रुजली. एखादी भाषा बंद करायला शिपाई लागत नाहीत. ती बोलणाऱ्यालाच तिची लाज वाटू लागली की पुरते.

दालगादो यांनी या लाजेवर उपाय केला, तो भाषणे देऊन नव्हे, तर शब्दकोश लिहून. १८९३ साली त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडला. त्यात कोंकणी शब्द देवनागरीत दिले, शेजारी रोमन लिपीतला उच्चार दिला आणि शब्दाचे मूळही सांगितले. ज्या बोलीला अडाणी म्हटले जाई, तिच्या शब्दांची मुळे संस्कृतापर्यंत कशी पोहोचतात, हे वाचकाला पानोपानी दिसू लागले. घरात टाकून दिलेले भांडे घासल्यावर चांदीचे निघावे, तसेच ते होते.

१८९५ च्या सुमारास ते लिस्बनला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८९७ साली त्यांनी हितोपदेशाचा पोर्तुगीज अनुवाद प्रसिद्ध केला. १९०५ साली पोर्तुगीज-कोंकणी शब्दकोश आला. १९०७ पासून ते लिस्बनच्या उच्च शिक्षणसंस्थेत संस्कृत शिकवू लागले. आसगावच्या मुलाने पोर्तुगालच्या राजधानीत पोर्तुगीज विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

याच वर्षांत त्यांनी आणखी एक काम केले आणि ते आपल्याला सर्वांत जवळचे आहे. पोर्तुगीज जेथे जेथे राहिले तेथे सैनिक, खलाशी, व्यापारी आणि स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे यांच्या मिसळण्यातून नव्या बोली जन्मल्या होत्या. शब्द बहुतेक पोर्तुगीज, ठेवण मात्र स्थानिक. विद्वान मंडळी त्यांना मोडकीतोडकी पोर्तुगीज म्हणून हसत. दालगादो हसले नाहीत. त्यांनी या बोलींचे नियम शोधले, शब्द जमवले, लोकांच्या तोंडचे नमुने टिपले. गोवा आणि सिलोन येथल्या बोलींवर १९०० साली, दमणच्या बोलीवर १९०३ साली, नागपट्टणमच्या बोलीवर १९१७ साली त्यांचे लेखन आले. १९०६ साली त्यांनी नोर्ते म्हणजे उत्तरेकडच्या मुलखाच्या बोलीवर लिहिले. हा नोर्ते म्हणजे आपलाच भाग : वसई, साष्टी, मुंबई, चौल.

होय, आपल्या भागात अशी एक बोली होती. मुंबई-साष्टीच्या अनेक ख्रिस्ती घरांत ती बोलली जाई. वसई १७३९ साली आणि चौल १७४० साली मराठ्यांकडे गेले, तरी ती लगेच संपली नाही. पुढे इंग्रजांचे राज्य आले. शाळा इंग्रजी, कचेरी इंग्रजी, रेल्वेची नोकरी इंग्रजी. आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी इंग्रजीची कास धरली आणि एकेका घरातून ती बोली निघून गेली. कोणी तिला बंदी केली नव्हती. दालगादो व त्यांच्यासारख्या काही अभ्यासकांनी लिहून ठेवले नसते, तर ती होती हेही आपल्याला कळले नसते.

तिचा एक अंकुर अजून हिरवा आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गावात काही शेकडो कॅथलिक अशी बोली आजही घरात बोलतात. तिला ते आमची भाषा अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. भोवती सगळी मराठी असल्याने तिचे क्रियापद आता मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. तेथल्या मुलांची शाळा, बाजार आणि नोकरी मराठीतून चालते. म्हणजे तेथे मोठी भाषा आहे ती आपली मराठी! जिथे आपण मोठे असतो तिथे आपल्या छायेत कोणाची तरी बोली उभी असते, हे आपल्या मनात येत नाही.

१९११ साली लिस्बनच्या विज्ञान अकादमीने दालगादो यांना सभासद करून घेतले. पण मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरत चालले होते. या आजारात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. ज्या माणसाने सिलोन ते बंगाल पायपीट केली तो चाकाच्या खुर्चीत बसला. विशेष परवानगी घेऊन ते बसल्या जागी मिस्सा अर्पण करीत. आणि त्यांचे लिखाण थांबले नाही.

आशियातल्या सुमारे पन्नास भाषांत कोणते पोर्तुगीज शब्द गेले, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९१३ साली आला. आपली चावी आणि बादली त्यात आहेत. नंतर त्यांनी उलटी वाट धरली. आशियातून पोर्तुगीज भाषेत कोणते शब्द गेले, याचा दोन भागांतला कोश १९१९ आणि १९२१ साली प्रसिद्ध झाला. आपण आजाऱ्याला कांजी देतो. पोर्तुगालमध्येही आजाऱ्याला कांजा नावाचे भात घातलेले कोंबडीचे सूप देतात. शब्द आपल्याकडचाच. म्हणजे आपण नुसते घेणारे नव्हतो, देणारेही होतो. देवाणघेवाणीत कोणीच कमीपणा मानू नये, हे दालगादो यांच्या कोशाचे सार म्हणता येईल.

त्यांचे शेवटचे पुस्तक कोणते असावे? कोंकणी म्हणींचा संग्रह! दोन हजारांहून अधिक म्हणी, अर्थासह आणि इतर भाषांतल्या म्हणींच्या तुलनेसह. ते १९२२ साली निघाले आणि त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी लिस्बनमध्ये त्यांनी देह ठेवला. मायदेशापासून हजारो मैलांवर, पाय नसलेला हा वृद्ध धर्मगुरू आसगावच्या आजीबाईंच्या तोंडच्या म्हणी लिहीत होता. त्यांच्या मागे कोंकणीला दिवस चांगले आले. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली तिचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. हे सर्व अनेकांच्या कष्टांतून घडले. तरी पहिल्या पायऱ्यांपैकी एक दालगादो यांच्या शब्दकोशाची होती.

आता आपल्या घराकडे वळू या. आपल्या वसईत कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळी बांधवांची बोली आहे. कुपारी हा शब्दच पोर्तुगीज कोंपाद्रेवरून आला असे सांगतात. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा घरची बोली तोंडून निघाली की वर्गात हशा पिके. मग आम्ही ती गिळायला शिकलो. पुढे आमच्या मुलांशी शुद्ध मराठीत बोललो आणि आता नातवंडांशी इंग्रजीत बोलतो. कोणीही आमच्यावर हुकूम काढला नव्हता. नातवंडांनी इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. दालगादो स्वतः कितीतरी भाषा शिकले. पण नवी भाषा शिकताना त्यांनी आईची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवली नाही.

आपल्यापैकी कोणाला शब्दकोश लिहिणे जमणार नाही. पण एक वही घेणे सर्वांना जमेल. आज मिस्सेनंतर घरी गेल्यावर आजीला, आजोबांना एक म्हण विचारू या. लग्नातले एक गाणे, भाताच्या कामातला एक शब्द, पाळण्यातल्या लेकराला हाक मारायची एक तऱ्हा लिहून घेऊ या. ज्यांच्याकडून ते ऐकायचे ती माणसे आपल्या धर्मग्रामात दरवर्षी कमी होत आहेत. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये.