वाल्डेमार हाफकिन

मुंबईतील परळ भागात हाफकिन संस्था आहे. रोगप्रतिबंधक लसींमुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या शास्त्रज्ञाला तरुणपणी केवळ ज्यू म्हणून काय सोसावे लागले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ज्यूंनी कोठे राहावे, कोणती नोकरी करावी, यांवर तेथे सरकारी निर्बंध होते. त्यांच्याविषयीचे खोटे आरोप ऐकतच मुले मोठी होत. १८८१ मध्ये सम्राटाची हत्या झाली. तिचा दोष सर्व ज्यूंच्या माथी मारला गेला आणि जमावांनी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले केले. विद्यार्थिदशेतील हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी पुढे सरसावले. ते जखमी झाले. त्यांना अटकही झाली. प्राध्यापक मेचनिकोव यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. पुढे धर्मांतर केल्यास प्राध्यापकपद मिळण्याची शक्यता होती. हाफकिन यांनी ते नाकारले आणि देश सोडला.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात अहोरात्र खपून प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लशीविषयीही लोकांत भीती होती. त्या वेळी खोजा समाजाचे एकोणीस वर्षांचे प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली; त्यांचे पाहून अनेक अनुयायी पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. अखेर शास्त्रज्ञांनी पुरावे तपासले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या महाराष्ट्राने त्यांचे नाव जपले, त्याच्या कोकण किनाऱ्यावर बेने इस्रायल हे ज्यू शतकानुशतके राहत आले होते. ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. तेथील मुलांना ज्यू हा शेजारी म्हणून भेटला. ओडेसातील मुलांना तो आरोपांतून भेटला. द्वेष जन्मजात नसतो. तो ऐकून शिकला जातो, आणि ओळखीने टाळताही येतो.