टेम्पो, रिक्षा आणि तेलाचे माप

सिहोरा (जि. भंडारा) : धान पोटरीवर आला की तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरात सकाळपासूनच पॉवर स्प्रे पंपांचा कर्कश आवाज घुमू लागतो. तुडतुडे आणि खोडकिडा यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी पाठीवर घेतात त्या पंपांपैकी बरेचसे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर चालतात. पेट्रोलमध्ये तेल कोणते आणि लिटरमागे किती घालायचे, हा प्रश्न मग दरवर्षी नव्याने उभा राहतो. ज्याचे माप चुकले, त्याचा पंप नेमका फवारणीच्या दिवसांत बंद पडतो.

शहरातील पन्नाशीपुढच्या वाचकांना हा प्रश्न अपरिचित नाही. स्कूटर पंपावर उभी करायची, पेट्रोल भरून झाले की कर्मचारी हातपंपाने टूटी ऑइल सोडणार, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवून मिश्रण एकजीव करायचे, हा एका पिढीचा नित्यक्रम होता. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हे छोटे इंजिन ज्यांच्यामुळे रुळले, त्यांत अग्रभागी असलेले नाव म्हणजे नवलमल कुंदनमल फिरोदिया.

नवलमल यांचा जन्म १९१० चा. घराणे तत्कालीन अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. वडील कुंदनमल नामवंत वकील, काँग्रेसचे कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. घरात गांधीविचारांचे वातावरण असल्याने कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण स्वातंत्र्यलढ्यात ओढला गेला आणि चले जाव आंदोलनात त्याने कारावासही भोगला. स्वातंत्र्यानंतर मात्र वकिली किंवा सत्तेचे राजकारण यांपेक्षा उद्योग हेच देशसेवेचे क्षेत्र त्यांनी मानले.

त्या काळी देशातील अनेक शहरांत माणूसच माणसाला ओढून नेत असे. कुठे हातरिक्षा होती, कुठे सायकलरिक्षा. गांधीविचारांत वाढलेल्या फिरोदियांना ही प्रथा मानवतेला न शोभणारी वाटे. त्याच सुमारास इटलीतील पियाज्जो कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीचे चित्र एका नियतकालिकात त्यांच्या पाहण्यात आले. वेस्पा स्कूटरचाच सांगाडा, मागे दोन चाके आणि माल ठेवण्याची जागा. मालाऐवजी माणसे का बसू नयेत, या विचारातून त्यांनी अशी गाडी आयात केली आणि तिच्यावर प्रवाशांसाठी आसन व छत बसविले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यासमोर तिचे प्रात्यक्षिक झाले आणि अटींसह परवानगी मिळाली. १९४८ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रयोगातून आजची ऑटोरिक्षा जन्माला आली.

हे वाहन गरिबाच्या आवाक्यात येऊ शकले, त्याचे मुख्य कारण त्याचे इंजिन. स्कॉटलंडच्या ड्यूगाल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट घेतले आणि १८९१ मध्ये जोसेफ डे यांनी त्याला अधिक सुटसुटीत रूप दिले. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एकदा शक्ती मिळते, टू-स्ट्रोकमध्ये ती दोन फेऱ्यांतच मिळते. व्हॉल्व्हची गुंतागुंत नाही, वजन कमी, किंमत कमी आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही जमणारी.

या साधेपणाची किंमत मात्र एका ठिकाणी मोजावी लागते. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमधून जाते. त्यामुळे तेथे तेलाचा वेगळा साठा ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच आत जाते, बेअरिंग आणि पिस्टनला ओलावा देते आणि अखेर जळून धुरावाटे बाहेर पडते. अशा इंजिनाचे आयुष्य कारखान्याइतकेच तेल मोजणाऱ्या हातावर अवलंबून राहते.

आयातीवर फार काळ विसंबून राहणे शक्य नव्हते. बजाज समूहाशी सहकार्य करून फिरोदियांनी स्कूटर आणि तीनचाकींचा व्यवसाय वाढविला. १९५९ मध्ये सरकारकडून या वाहनांच्या उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. तत्पूर्वी १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची स्थापना झाली होती. या कंपनीच्या हॅन्सिएट या तीनचाकी मालगाडीच्या मूळ जर्मन रूपातही टू-स्ट्रोक इंजिनच होते. भाजी, दूध, विटा, लग्नाचे सामान असे सारे काही या गाडीने वाहिले. एका कंपनीचे हे नाव मराठीत इतके रुजले, की आज कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण सहज टेम्पो म्हणतो. कालांतराने बजाज आणि फिरोदिया यांचे मार्ग वेगळे झाले आणि टेम्पोची धुरा फिरोदियांकडे राहिली. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, शब्द मात्र टिकून राहिला.

याच घराण्यातील हस्तीमल फिरोदिया, म्हणजे नवलमल यांचे बंधू, यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना बाजारात आणली. पन्नास सीसीच्या या टू-स्ट्रोक मोपेडने शिक्षक, पोस्टमन, दूधवाले आणि नोकरदार महिला यांना स्वतःचे वाहन दिले. २०२४ मध्ये हेच नाव विजेवर चालणाऱ्या मोपेडच्या रूपाने परत आले.

नवलमल फिरोदिया यांचे १९९७ मध्ये निधन झाले. तोवर त्यांच्या आवडत्या इंजिनाची दुसरी बाजूही उघड झाली होती. जळालेले तेल आणि न जळताच बाहेर पडणारे पेट्रोल यांमुळे रिक्षा आणि स्कूटर शहरांच्या धुराचे प्रतीक बनल्या होत्या. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता हा गैरसमज आणि पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याची लबाडी यांनी त्यात भर घातली. दिल्लीत १९९८ च्या अखेरीस सुट्या टूटी तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावर तयार मिश्रण मिळू लागले. १९९९ पासून कमी धूर करणाऱ्या तेलाचे निकष देशभर लागू झाले. पुढील दशकात फोर-स्ट्रोक इंजिन आणि सीएनजीने टू-स्ट्रोकला शहरी रस्त्यांवरून जवळजवळ हद्दपार केले. माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरविणाऱ्या यंत्राने त्याच्याच फुप्फुसांवर नवे ओझे टाकले, हे मान्य केल्याशिवाय या कामगिरीचा हिशेब पूर्ण होत नाही.

शेतात मात्र हे इंजिन अद्याप टिकून आहे. फवारणी पंप, ग्रास कटर, झाडे कापण्याची चेन सॉ यांत हलकेपणाला पर्याय नाही. त्यामुळे तेलाचा जुना धडा येथे अजूनही लागू पडतो. माप यंत्राच्या पुस्तिकेतलेच घ्यावे. पन्नासास एक असे प्रमाण असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते, पंचवीसास एक असेल तर ४०. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक तेल येथे चालत नाही. त्यातील धातुयुक्त रसायने जळल्यावर राख मागे ठेवतात. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनांसाठी डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफसी, एफडी अशी खूण असलेले टूटी तेल घ्यावे. बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तेल निराळे असते.

आता पेट्रोलचाही विचार करावा लागतो. २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात ते डबक्यात दीर्घकाळ राहिले, तर पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो. त्यात तेल जवळजवळ नसते आणि इंजिन नेमका तोच थर ओढते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच, स्वच्छ आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, नीट हलवून करावे आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करावी.

कष्टकऱ्याच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उचलावे, हा फिरोदियांचा ध्यास होता. सिहोऱ्याच्या बांधावर ते यंत्र आज शेतकऱ्याच्याच पाठीवर बसलेले आहे. ते हंगामभर साथ देईल की नाही, हे मात्र झाकणभर तेलाच्या अचूक मापावरच ठरते.