सरहद्दीवरची लढाई आणि स्वामीजी

नांदेडच्या विद्यापीठाचं नाव आपण 'एसआरटी' म्हणून तीन अक्षरांत उरकतो. त्या अक्षरांमागचे स्वामी रामानंद तीर्थ कोण होते, हे मला या लेखात सांगायचं आहे.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. तरुणपणी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशींबरोबर काम केलं. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक झाले, १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि मग अंबाजोगाईला शिकवू लागले. आमचा जळकोट-उदगीरचा भाग तेव्हा बिदर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी मास्तरकी सोडली, सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. बंदी उठायला १९४६ उजाडलं.

शाळेत आपण सगळेच मुसोलिनी शिकलो. पण त्याच्याशी लढणारे कार्लो रोसेल्ली हेसुद्धा प्राध्यापकच होते, हे किती जणांना माहीत आहे? लिपारी बेटावरच्या कैदेतून ते १९२९ मध्ये मोटरबोटीने निसटले. पॅरिसला पोहोचून त्यांनी इतर परागंदा इटालियनांबरोबर 'न्याय आणि स्वातंत्र्य' ही चळवळ उभारली. १९३० मध्ये त्यांच्या माणसांनी विमानातून मिलान शहरावर पत्रकं टाकली. १९३७ मध्ये फ्रान्समध्येच रोसेल्ली आणि त्यांच्या भावाचा खून झाला.

आपल्याकडचं पॅरिस म्हणजे उमरखेड, सोलापूर, मनमाड! भारत स्वतंत्र झाला, पण निजाम सामील होईना. रझाकारांचा जोर वाढला. तेव्हा स्टेट काँग्रेसचे कितीतरी कार्यकर्ते घरदार सोडून हद्दीबाहेर गेले. नांदेडकडची पोरं पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात जायची. कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू होते, गोविंदभाई श्रॉफ सोबत होते. कॅम्पातून निघून रात्री नाक्यांवर हल्ले करायचे आणि परत यायचं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ती लढ्याच्या खर्चासाठी.

आणि स्वामीजी? ते संस्थानातच राहिले. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे, सगळा देश जल्लोष करत असताना, त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात सुटले, जानेवारीत पुन्हा आत. सरहद्दीवरची लढाई जोरात आली तेव्हा तिचा अध्यक्ष कोठडीत होता.

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. गाव सोडणाऱ्याला लोक सहज पळपुटा म्हणतात. पण आत राहणारा आणि बाहेर जाणारा, दोघं मिळूनच ही लढाई झाली. सगळेच तुरुंगात गेले असते तर काम थांबलं असतं. सगळेच बाहेर गेले असते तर इथल्या माणसांना धीर कोणी दिला असता? शिवाय स्वामीजी गांधीवादी, आणि कॅम्पातल्या पोरांच्या हातात बंदुका. हा पेच सोपा नव्हता, तरी संघटना फुटली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. स्वामीजी सुटले. पुढे ते खासदार झाले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे भाग व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९५६ मध्ये तसंच झालं. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं.

हॉस्टेलवर १७ सप्टेंबर म्हणजे आपल्यासाठी एक सुट्टी. यंदा झेंडावंदनाला उभं राहाल तेव्हा पैनगंगेपलीकडच्या त्या कॅम्पांची आठवण ठेवा. आणि सुट्टीत गावी गेलात की म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा, आपल्या घरातलं तेव्हा कोण बाहेर गेलं होतं आणि मागे कोण राहिलं होतं.