सावित्रीबाई फुले व त्यांचें आश्रयगृह

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र देण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. तथापि यंदा आम्ही अशा एका बाईंचें चरित्र सादर करीत आहों कीं, ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता व ज्यांस आपल्या पंक्तींत ओढण्याचा आमचा मुळींच मानस नाहीं. गर्भपात व बालहत्या यांविषयीं ख्रिस्तसभा अत्यंत कठोर शब्द योजते. त्याच पापाच्या कांठावर उभ्या असलेल्या स्त्रियांसाठीं या बाईंनीं आपल्या राहत्या घराचें दार उघडलें. एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटलें.

सावित्रीबाईंचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरीं झाला. १८४० सालीं पुण्याच्या जोतीराव फुल्यांशीं त्यांचा विवाह झाला. पतीनें त्यांस शिकविलें, आणि १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली, तींत त्या शिक्षिका झाल्या. शाळेच्या वाटेवर लोकांनीं त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला, ही कथा आपल्या मुलांसही ठाऊक आहे; तिचा विस्तार येथें करीत नाहीं.

आम्हांस सांगावयाचें तें १८६३ सालचें. पुण्यास काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा गोवंडे नामक गृहस्थाच्या घरीं स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनीं तिला फसविलें व ती गरोदर राहिली. गर्भ पाडण्यासाठीं तिनें नाना औषधें घेतलीं. एकही लागू पडलें नाहीं. शेवटीं मुलगा झाला. अब्रूच्या भयानें तिनें त्या अर्भकाचा सुरीनें गळा कापला व प्रेत घरामागील विहिरींत टाकलें. दोन-तीन दिवसांत पोलिसांस संशय आला, खटला उभा राहिला, आणि पुण्याच्या सेशन कोर्टानें तिला जन्मठेप देऊन काळ्या पाण्यावर, अंदमानास, धाडलें.

विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ च्या कायद्यानें मान्यता मिळालेली होती. परंतु कायदा उंबरठ्याच्या आंत शिरला नव्हता. आपल्या अरण्यप्रदेशांत गोंड व माडिया समाजांत विधवेस पुन्हां संसार थाटण्याची मुभा पूर्वापार आहे, यास्तव पुण्याची ही गोष्ट कित्येकांस परकी वाटेल. पण विवाहापूर्वीं दिवस गेलेली मुलगी, तिसरीही मुलगीच होईल या भयानें सासरच्यांनीं धाकांत ठेविलेली सून, यांस काशीबाईची रात्र समजावून सांगावी लागत नाहीं. वनस्पतींच्या मुळ्यांच्या जागीं औषधाच्या दुकानांतील गोळ्या आल्या, एवढाच फरक.

काशीबाईच्या त्या खटल्यानंतर जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्याच घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर छापील पत्रकें लावलीं. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुखरूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, हें सर्वस्वीं त्यांच्या खुषीवर, असा त्यांतील आशय होता. भिंतीवर चिकटविलेला तो कागद वाचून रात्रीं एकटी बाहेर पडलेली बाई कोणत्या मनानें त्या दारापाशीं पोंचली असेल, याचा विचार आम्ही अनेकदां केला आहे. आलेल्या बाईचें व मुलाचें करणें हा भार सावित्रीबाईंवर होता. त्यांस स्वतःस मूलबाळ नव्हतें.

पुढें १८८४ च्या डिसेंबरांत जोतीरावांनीं या गृहाची हकीकत लिहिली. तोंपर्यंत पस्तीस गरोदर विधवा येऊन तेथें बाळंत झाल्या होत्या. मुलें मात्र पांचच जिवंत होतीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं आधींच घेतलेल्या विषारी औषधांच्या अपायानें कित्येक मुलें दगावलीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. हा आंकडा आम्ही मुद्दाम देत आहों. जयंत्यांच्या भाषणांत तो येत नाहीं, कारण तो यशाचा आंकडा नव्हे. ज्या बाईनें आपल्या हातानें गर्भास विष दिलें होतें, तिलाही या घरीं अंथरूण मिळालें, आणि तिच्या मृत मुलाबद्दल तिला कोणीं दाराबाहेर काढलें नाहीं.

येथें आमचा स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. नवीन दीक्षा झालेली असतां एका रविवारीं आम्ही गर्भपातावर असें प्रवचन केलें कीं, मागल्या रांगेंतील एक बाई मिस्सा संपण्यापूर्वीं उठून गेली. तिला पुन्हां देवळांत पाऊल टाकावयास कित्येक वर्षें लागलीं. आम्ही बोललों तें शिकवणुकीस धरून होतें; गर्भधारणेच्या क्षणापासून तो जीव मनुष्याचा आहे, हें आम्ही आजही तितक्याच निश्चयानें सांगतों. परंतु काशीबाईस शिक्षा सांगणारें कोर्टही कायद्यास धरूनच बोललें होतें.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १८९५ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, १९९५ सालीं, जीवनाविषयींच्या आपल्या विश्वपत्रांत अशा स्त्रियांस उद्देशून धीराचे शब्द लिहिले, आणि मुलाच्या पित्याचा व दडपण आणणाऱ्या घरच्या मंडळींचा दोषही उघड सांगितला. त्या शास्त्रीबुवांस हें लागू पडतें. आपला चांदा धर्मप्रांत सीरो-मलबार असल्यामुळें पूर्वेकडील ख्रिस्तसभांची संहिता आपणांस लागू आहे. तिच्याप्रमाणें या पापाची क्षमा महागुरुस्वामींच्या अधिकारांत राखून ठेविलेली असे. पोप फ्रान्सिस यांनीं करुणेच्या जुबिली वर्षांत तो अधिकार सर्व धर्मगुरूंस दिला, व ता. २० नोव्हेंबर २०१६ च्या पत्रानें तो पुढेंही कायम केला. म्हणजे भामरागडच्या वा सिरोंच्याच्या बाईस आतां जवळच्या कोणत्याही धर्मगुरूजवळ पापनिवेदन करून क्षमा मिळूं शकते. ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नाहीं, म्हणून चरित्राच्या मध्येंच घातली. तसेंच, मूल सांभाळणें अशक्य असलेल्या आईस तें जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे सोपवितां येतें, आणि मन पालटल्यास दोन महिन्यांच्या आंत परत घेतां येतें. २०१५ च्या बालन्याय कायद्यांतील हें कलम वाचतांना आम्हांस त्या भिंतीवरल्या कागदाची आठवण झाली.

सावित्रीबाईंचें धैर्य घराच्या चार भिंतींपुरतें नव्हतें. १८६८ च्या ऑगस्टांत त्या नायगांवीं असतां, पंचांग सांगत हिंडणारा गणेश नांवाचा ब्राह्मण व सारजा नांवाची अस्पृश्य मुलगी यांचा संबंध उघडकीस आला. मुलीस सहावा महिना होता. गांवकऱ्यांनीं दोघांस मारहाण करीत, ठार करण्याच्या इराद्यानें, रस्त्यांतून चालविलें होतें. सावित्रीबाई धांवत गेल्या व सरकारी कायद्याचें भय घालून त्यांनीं जमाव थोपविला. दोघांनीं गांव सोडावा यावर तडजोड झाली. मग बाईंनीं त्यांस पुण्यास जोतीरावांकडे धाडून दिलें आणि ही सर्व हकीकत पत्रानें कळविली. येथें तीन जीव वांचले.

त्या गृहांत बाळंत झालेल्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्यानें दत्तक घेतला. तिचेंही नांव काशीबाईच होतें, त्यामुळें लेखकांचा पुष्कळदां घोटाळा होतो. मुलाचें नांव यशवंत. त्यास त्यांनीं शिकवून डॉक्टर केलें. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले, तेव्हां भाऊबंदांनीं दत्तकाच्या हक्कावरून वाद काढला. सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं घेतलें व त्या अंत्ययात्रेच्या पुढें चालल्या.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर यशवंतनें रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेगची गांठ आल्याचें कळतांच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथें गेल्या, आणि त्या मुलास पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यांत आल्या. त्यांतच त्यांस संसर्ग झाला. ता. १० मार्च १८९७ रोजीं रात्रीं त्यांनीं देह ठेविला.