हाइम सॅम्युएल केहिमकर

हाइम सॅम्युएल केहिमकर हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे शिक्षणप्रसारक आणि बेने इस्रायल समाजाचे आद्य इतिहासकार होते. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक यहुदी समाजाचा सविस्तर इतिहास त्या समाजातीलच व्यक्तीने प्रथम लिहिला तो त्यांनी. त्यांचा जन्म इ.स. १८३०च्या सुमारास झाला. केहिमकर हे आडनाव अलिबागजवळील किहीम या गावावरून आले आहे.

पार्श्वभूमी

समाजाच्या परंपरेनुसार बेने इस्रायलांचे पूर्वज मायदेशातून परागंदा होऊन निघाले असता चौलजवळ त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले; बुडालेल्यांना नवगाव येथे पुरण्यात आले. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथच्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. धर्मग्रंथ आणि हिब्रू भाषा विस्मरणात गेली, तरी सुंता, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकून राहिली. सणांना मराठी नावे मिळाली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा दिवसही कोकणातील वालाच्या बिरड्यावरून ओळखला जाऊ लागला. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे. अशा रीतीने पूर्वजांच्या भूमीची ओढ कायम असतानाच कोकणची भूमीही या समाजाला पवित्र झाली.

शैक्षणिक कार्य

अठराव्या शतकापासून अनेक बेने इस्रायल कुटुंबे मुंबईस आली. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून व मराठी भाषांतरांतून मुलांना शास्त्राची ओळख झाली. तथापि समाजाची स्वतःची शाळा नव्हती. ही उणीव ओळखून केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तेथे इतर विषयांबरोबर हिब्रूचेही शिक्षण दिले जाई. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननेही शाळेस साहाय्य केले. ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

इतिहासलेखन

मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी यहुद्यांपैकी काहीजण बेने इस्रायलांच्या यहुदीपणाविषयी शंका घेत. या शंकेचे निरसन करणे हा केहिमकरांच्या लेखनाचा एक प्रमुख हेतू होता. त्यांनी समाजाच्या चालीरीती, सण, विवाहविधी व दंतकथा यांची नोंद केली. हनुक्का हा सण समाजास पूर्वी ठाऊक नव्हता. त्यावरून, तो सण सुरू होण्यापूर्वीच, इ.स.पू. १७५च्या सुमारास पूर्वजांनी गालील प्रांत सोडला असावा, असे मत त्यांनी मांडले. हे मत सर्व संशोधकांना मान्य नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातील समाजजीवनाचे साधन म्हणून त्यांच्या नोंदींचे मोल मोठे आहे.

हा इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून पूर्ण झाला. त्याच वर्षी बाझेल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण बेने इस्रायलांनी नाकारले. मायभूमीस परतणे ईश्वराच्या हातून घडावे, मनुष्याच्या खटपटीने नव्हे, अशी त्यांची त्या काळची भूमिका होती.

निधन व वारसा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकरांचे निधन झाले. त्यांचे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे बहुसंख्य समाज परतण्याच्या आधीच त्याचा इतिहास पूर्वजांच्या भूमीत पोहोचला होता.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर समाजातील बहुतेक कुटुंबे क्रमाक्रमाने तेथे गेली. तेथेही विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदीपणाची चर्चा झाली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायल सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्या शंकेला केहिमकरांनी ग्रंथातून उत्तर दिले होते, तिचा अधिकृत निवाडा असा त्यांच्या पश्चात झाला.